रांगोळी नसलेली दारं

आई, आज शाळेला सुट्टी आहे. सुट्टी कसली, ताप सुरू झाला म्हणून म्युनिसिपालिटीनं सगळ्या शाळाच बंद केल्या आहेत, आणि मी भर दुपारी घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. तुझी नात ओसरीवर सागरगोटे खेळतेय. मी दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून तिच्या कपाळाला हात लावून येते. आता ती इतकी वैतागली आहे की मी नुसती दारात दिसले तरी म्हणते, "मी गरम नाहीये गं आई." तुला पत्र लिहायचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. तू होतीस तेव्हा तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तो प्रश्नच उरला नाही. पण दिवेलागणीच्या आत मला आरोग्य कमिटीच्या अध्यक्षांकडे दोन नावं कळवायची आहेत, त्यातलं एक कळवायला मन धजत नाही, आणि या बाबतीत माझं ज्याच्याशी भांडण आहे असं माणूस जगात एकच होतं. ते तू.

ताप तोच आहे का, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. आपण तेव्हा त्याला मानमोडी म्हणत होतो. कमिटीतले डॉक्टर इन्फ्लुएंझा म्हणतात, आणि पहिल्यासारखा जहाल नाही असंही सांगतात. पहिल्या खेपेलाही सुरुवातीला असंच सांगत होते, नाही का? गिरण्यांचे भोंगे वेळच्या वेळी वाजताहेत, बाजार भरतोय, पण परवापासून आमच्या गल्लीत खोकल्याचे आवाज वाढले आहेत, आणि कोपऱ्यावरचा दूधवाला दोन दिवस आलेला नाही. रात्री जाग आली की कुठला आवाज कुठल्या घरातला ते मी ओळखायला लागते. मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही.

मी कमिटीत कशी, असं तू विचारलं असतंस. मुलींच्या शाळेतली मास्तरीणबाई आहे ना मी आता, आणि कमिटीत एक तरी बाई असावी असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी मला एकच गोष्ट विचारली, "बाई, आपण चहा घेता ना?" त्यानंतर सगळं त्यांचं त्यांनीच ठरवलं. औषधाच्या बाटल्या आणि दूध बंद पडलेल्या शाळांमध्ये ठेवायचं, दवंडी पिटवायची, आणि ज्याला हवं असेल त्यानं येऊन घेऊन जायचं. गर्दी होऊ नये म्हणून दोरी बांधायची, शिपाई उभा करायचा. अर्धा तास चर्चा झाली ती दोरी कुठं बांधायची यावर. माणसं वाईट नव्हेत. सगळे मनापासून बोलत होते, अध्यक्ष तर वयस्कर वकील, स्वतःच्या घरचं काम टाकून रोज येऊन बसतात. पण तिथं बसल्या बसल्या मला चुलीपुढं बसलेली तू दिसत होतीस, हातात फुंकणी घेतलेली.

मानमोडीच्या त्या साली पाऊसही नीट पडला नव्हता. ज्वारी महागलेली, नळाला पाणी करंगळीएवढं. गिरणीमागची आपली गल्ली, एका बाजूला आपली गिरणी कामगारांची घरं, समोरच्या ओळीत तेलुगू विणकरांची. त्यांचे माग घरातच, जमिनीत खड्डा करून बसवलेले, आणि सकाळपासून त्यांची खटखट चाललेली असायची. ती बंद झाली की गल्ली बहिरी झाल्यासारखी वाटायची. एका सकाळी तू मला आंबिलीची पातेली देऊन समोर कोपऱ्यावरच्या घरी धाडलंस. मी दारातून हाका मारल्या. आतून कुणी ओ दिली नाही. म्हणून मी पातेली उंबऱ्यावर ठेवली, वर ताटली झाकली आणि शाबासकी घ्यायला धावत परत आले. अकरा-बारा वर्षांची पोर मी, मला वाटलं केवढं काम केलं. तू फुंकणी माझ्यावर उगारलीस. "उंबऱ्यावर ठिवून आलीस व्हय? आगं, ज्याला उटून तांब्या घेता येत न्हाय, त्यो उंबऱ्यापत्तुर येनार हाय व्हय? कुत्र्याला घालून आलीस की आंबील!" आणि माझं बखोट धरून तू मला ओढत परत तिकडं घेऊन गेलीस.

आत अंधार आहे. मागावर अर्धं विणलेलं लुगडं तसंच ताणलेलं आहे, आणि मागाच्या खड्ड्याशेजारी चौघंजण ओळीनं पडलेली आहेत. मडकं कोरडं. बाईनं डोळे उघडले आणि "नीळ्ळु" एवढंच म्हणाली. तुला तेलुगू कुठलं येत होतं, पण तुझं माहेर वळसंगकडचं, कानडी तुझ्या कानात लहानपणापासूनचं. "नीरु मागतीया गं, पानी," म्हणालीस, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसलीस. मला पाण्याला पिटाळलंस. मी घागर घेऊन आले तेव्हा तू त्या बाईच्या तोंडात आंबील बोटानं सोडत होतीस आणि तिला मराठीतून रागावत होतीस, "गीळ की बाई, गीळ, आता कुटं मरतीस." तिला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण ती गिळत होती. त्या घरातली चौघंही वाचली. औषधाचा एक थेंब त्यांच्या पोटात गेला नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

परत येताना तू त्यांच्या दारात थबकलीस. खाली बघत म्हणालीस, "ह्येंच्या दारात आज सडा न्हाय. कालबी नव्हता. तवाच कळाया पायजे हुतं." तिथून ते सुरू झालं. ज्या घरात एक तरी बाई पायावर उभी आहे, तिथं सकाळी शेणाचा सडा पडतो आणि चार का होईना रेघा रांगोळीच्या ओढल्या जातात. विणकरांच्या बायकांना तर रांगोळीचं आपल्यापेक्षा वेड. मग जिथं दार कोरडं, तिथं सगळं घर आडवं झालंय असं समजायचं आणि सरळ आत शिरायचं, हाका मारत बसायचं नाही. तू रोज नळावरून येताना सगळी गल्ली एकदा चालून यायचीस, नजर खाली, उंबऱ्यांवर. गल्ली तुला आक्का म्हणायला लागली, आणि हळूहळू आणखी दोघी-तिघी तुझ्याबरोबर यायला लागल्या. एक पाणी भरायची, एक आंबील ढवळायची. म्युनिसिपालिटीची गाडी एकदा औषध घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबली होती, भोपूही वाजवला तिनं. कोण जाणार होतं तिच्यापर्यंत? जे चालत गेले ते धडधाकट होते.

आणि तुझं चुकलंही. चूक तुझी होती हे मी कमिटीत सांगितलं नाही, पण तुला सांगते, कारण तुला ते ठाऊक आहे. आपल्याच ओळीतल्या एका घरात म्हातारे सासरे गेले. सुतकात कोण सडा घालणार, कोण रांगोळी काढणार? दार कोरडं होतं ते सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी म्हटलं, सुतक आहे. सुतकाच्या घरात कोण कशाला शिरेल. तूही त्या दारावरून रोज गेलीस. आतली सून तापानं फणफणली होती आणि नवऱ्यालाही शुद्ध नव्हती, हे कळलं तेव्हा ती सून गेलेली होती. त्या दिवशी तू घरी आलीस आणि चूल न पेटवता भिंतीला टेकून बसलीस. आप्पांनी दोनदा विचारलं, "काय झालं?" तू म्हणालीस, "खूण दारात न्हवती आसं न्हाय. खूण दिसूनबी न्हाय गेले मी." दुसऱ्या दिवसापासून सुतकाच्या घरात तू सर्वांत आधी शिरायला लागलीस, विटाळबिटाळ गेला खड्ड्यात. माहेरच्या माणसांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी केवढा गदारोळ केला, पण तू ऐकून घेतलं नाहीस.

मग गल्लीच्या टोकाच्या मुसलमान घरातली खाला. तिनं तुला नळावर गाठलं, कमरेवर हात ठेवून. "क्या गे, तुम रांगोळी देख के घर में जाते बोलते. हमारे दरवाजे पे रांगोळी कां रहती? हमें मरे तो तुमना कैसा मालूम पडता?" सगळ्याजणी हसल्या. तू हसली नाहीस. तिच्या दाराला गोणपाटाचा पडदा असायचा. ठरलं की उठल्यावर तिनं तो गुंडाळून वर बांधायचा. पडदा खाली दिसला तर तू आत जाणार. तिच्या पलीकडच्या दोन घरांनीही मग तसंच केलं. हे सगळं मी तुझ्या मागं मागं फिरत शिकले. शाळेत मला कुणी इतकं शिकवलं नाही, आणि आता शाळेत शिकवते ती मीच आहे.

तर त्या बैठकीत दोरीचं ठरत असताना मी उठले. म्हटलं, "जो दोरीपर्यंत चालत येईल त्याला तुमच्या दुधाची सगळ्यांत कमी गरज आहे. प्रत्येक गल्लीतल्या बायका रोज सकाळी प्रत्येक घराच्या आत गेल्या पाहिजेत. चुलीपर्यंत. पाण्याचं भांडं हलवून बघितलं पाहिजे." आणि रांगोळीचं सांगितलं, सुतकाच्या घराचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं. माझी आई करायची असं म्हटलं नाही. "पूर्वी एका गल्लीत करत असत," असं म्हटलं. अध्यक्ष हसून म्हणाले, "म्हणजे आता रांगोळीवर म्युनिसिपालिटी चालवायची म्हणा की, बाई." टेबलाभोवती सगळे खो खो हसले. माझा राग कसा नाकाच्या शेंड्यावर असतो ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, "दोरीवर चालवण्यापेक्षा बरी." कमिटीतले डॉक्टर मात्र हसले नव्हते. ते म्हणाले, "या तापाला आमच्याजवळ खरं औषध नाहीच. सगळं घर एकदम पडतं, आणि माणसं पाण्यावाचून, पोटात काही नसल्यामुळं जातात. बाई म्हणतात ते करायला हवं." आणि मग, आई, तुझं ते गल्लीतलं चालणं सबंध शहराचा नियम झालं. प्रत्येक गल्लीला दोघी बायका, गल्लीच्या दोन टोकांच्या. खूण असो की नसो, प्रत्येक दार उघडायचं. मी घातलेला एक नियम मात्र अध्यक्षांच्या गळी उतरेना. मी म्हटलं होतं, या दोघींनी रोज सकाळी सर्वांत आधी एकमेकींच्या घरात जायचं, एकमेकींच्या कपाळाला हात लावायचा, आणि मगच गल्लीत फिरायला लागायचं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, गल्ली आजारी पडलेली, आणि धडधाकट बायकांच्या घरी कशाला वेळ घालवायचा?" मी म्हटलं, "हा नियम नसेल तर बाकीचे सगळे फाडून टाका." माझा आवाज चिरकला. नियम राहिला. का, ते मी सांगितलं नाही.

तुला सांगायची गरज नाही, पण आज लिहायला बसलेच आहे. आप्पा पडले होते, ते खोलीत कण्हत होते. मग एका संध्याकाळी तू चुलीपुढून उठताना भिंत धरलीस. मी म्हटलं, "आई, तुला ताप आहे." तू म्हणालीस, "गप. गल्लीत बोलू नगंस." रात्रभर तू तडफडलीस, आणि पहाटे मला हलवून उठवलंस. "ऊट. सडा घाल. रांगोळी काड, चांगली मोटी काड. आपल्या दारात रांगोळी दिसली न्हाय तर समदी गल्ली हाय खाऊन बसंल. आक्का पडली म्हनतील, आन् मग कोन जातंय कुनाच्या घरात?" मी सडा घातला. रांगोळी काढली. तू सांगितलंस म्हणून मोठी काढली, कमळाची, पाकळ्यांत हळद-कुंकू भरून. नळावर कुणी विचारलं तर आई आप्पांपाशी बसलीय म्हणायचं, हेही तूच शिकवलंस. येणारे-जाणारे बघून जायचे. "आक्का ठणठणीत हाय की," असं समोरची विणकरीण आपल्या मोडक्या मराठीत म्हणालेली मला आतून ऐकू आलं. ती बरी झाली होती, आई. ती आली असती. त्या सगळ्याजणी आल्या असत्या, आपल्या दारात नुसती कोरडी माती दिसायचा अवकाश होता. दुसऱ्या दिवशी मी त्याहून सुरेख काढली. तिसऱ्या दिवशी मोर काढला. आत तुला पाणी पाजायला मी एकटी, आप्पांना पाजायला मी एकटी, आणि चूल पेटवायलाही मीच. आंबील मला जमत नव्हती, गाठी व्हायच्या. शेवटी खाला कशासाठीशी आली, बहुतेक मीठ मागायला, आणि दारातून आत डोकावली. तिनं जो हंबरडा फोडला तो ऐकून सगळी गल्ली धावली. पण तेव्हा तू कुणाचं काही ऐकत नव्हतीस. संध्याकाळी गेलीस.

लोक मला म्हणायचे, पोरीनं शेवटपर्यंत आईचा शब्द पाळला. मी काय पाळणार, मी लहान होते, सांगितलं ते केलं. यात माझा दोष आहे असं मला कधी वाटलं नाही, आणि वाटून घेणारही नाही. राग आहे तो तुझ्यावर. सगळ्या गल्लीला तू शिकवलंस की कोरड्या दाराकडं बघा, आणि स्वतःचं दार मात्र सजवून घेतलंस. गल्ली हाय खाईल म्हणे! खाल्ली असती दोन दिवस. एवढी तुझी त्यांच्यावर भिस्त नव्हती का? तू पडलीस तर त्या तुझं काम पुढं नेतील, हे तुझ्या मनात का नाही आलं? तू गेल्यावर त्यांनी ते नेलंच की. ताप ओसरेपर्यंत रोज फिरल्या. मला आणि आप्पांना त्यांनीच भरवून जगवलं. म्हणजे तुझं सगळं काम पक्कं होतं, कच्ची होतीस ती तू एकटी. आणि दुसरा राग असा की तू कधी मला विचारलं नाहीस. पहिल्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या घरात शिरताना तुला मी होते, आप्पा होते. बाळे, मी जाऊ का, एवढं तरी विचारायचंस. मी मोजदादीत नव्हतेच का? ही गोष्ट मी इतकी वर्षं चघळत आले आहे. लग्न झालं, मुलगी झाली, तिला पहिल्यांदा पदराखाली घेतलं तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात हेच आलं होतं.

आणि आता नावाचं. बैठक संपताना अध्यक्ष म्हणाले, "नियम ठरले, पण बायका कुठून आणायच्या? बाई, तुमच्या गल्लीपासूनच सुरुवात करू. दोन नावं उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. तुमची गल्ली उभी राहिली की बाकीच्या राहतील." तो उद्या म्हणजे आज. सकाळी मी गल्लीच्या पलीकडच्या टोकाला राहणाऱ्या सुईणीकडं गेले. ती अंगणात तांदूळ निवडत होती. माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "मी जाती की. माजं कोन रडाया बसलंय? बाळंतिनीच्या घरात न्हाय का मी जात, तितं काय कमी घान असती?" मग सूप खाली ठेवून माझ्याकडं बघत म्हणाली, "दुसरी कोन? तुमी व्हय? तुमची पोर लहान हाय, बाई. नीट इच्यार करा." विचारच तर करते आहे. गल्लीतल्या प्रत्येक बाईचं मी मनातल्या मनात दार वाजवून पाहिलं. एकीच्या अंगावर पितं मूल. एकीला सातवा महिना. दोघी गिरणीत जातात, त्यांच्या घरचं त्यांच्यावाचून चालत नाही. एक म्हातारी, तिलाच कुणी पाणी द्यायला हवं. जिला शाळा बंद असल्यानं दिवसभर काम नाही, जिला काय करायचं ते नीट माहीत आहे, आणि जिनं हा नियम मोठ्या तोऱ्यात टेबलावर मांडला, अशी एकच निघते. यांना काल रात्रीच सांगितलं होतं. हे रेल्वेच्या माल ऑफिसात कारकून आहेत, स्वभावानं शांत. म्हणाले, "तुला जायचं असेल तर मी अडवणार नाही." त्यांनी अडवावं असं मला वाटत होतं की काय, कोण जाणे. रात्रभर मी त्यांच्यावरच उगाच चिडून होते.

मी ठरवलं होतं की काही झालं तरी तुझ्यासारखं करायचं नाही. मुलीला विचारायचं. माझी मुलगी मोजदादीत आहे, हे तिला कळलं पाहिजे. ती हो म्हणेल अशी माझी खात्री होती. गोष्टीतल्या शूर बायका तिला आवडतात, शाळेच्या संमेलनात तलवार घेऊन उभी राहते. थांब. आत्ताच जाऊन विचारते, उगाच लांबण लावण्यात अर्थ नाही.

विचारून आले.

मी तिच्याशेजारी ओसरीवर बसले आणि सगळं सांगितलं. ताप काय, लोक कसे एकदम पडतात, त्यांना पाणी द्यायला कुणीतरी आत जावं लागतं, आणि ते मी करावं असं मला वाटतं. ती सागरगोटे मुठीत धरून ऐकत होती. म्हणाली, "तुला ताप येईल?"

मी म्हटलं, "येईलही. येणारही नाही."

"आजी त्यानंच गेली ना?"

"हो."

"मग नको जाऊस." एवढं सरळ. मग थोडा विचार करून, "दुसऱ्या कुणाला सांग ना."

मी म्हटलं, "मी सगळ्या घरांचा विचार केला गं. दुसरं कुणी नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. हुबेहूब तुझी नजर, आई, उंबऱ्यावर पातेली ठेवून आले तेव्हाची. म्हणाली, "मग मला विचारतेस कशाला?"

  मी तिथून उठले, पायांत चपला सरकवल्या, आणि अध्यक्षांच्या घरी जाऊन दारातूनच दोन नावं सांगून आले, सुईणीचं आणि माझं. ते "बसा, बसा," म्हणत होते, पण मी बसले नाही. वाटेत मला भरभर चालताही येत नव्हतं आणि हळूही. तू मला विचारलं नाहीस ते मी मोजदादीत नव्हते म्हणून नव्हे, एवढं आज मला कळलं. तू विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, आणि तू तरीही गेली असतीस. ते तुला ठाऊक होतं. मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. पण म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. रांगोळीचं मी तुला माफ करणार नाही. घरी आल्यावर मी मुलीला समोर उभं करून बजावलं आहे, की मी पडले तर दारात काहीही काढायचं नाही, झाडायचंसुद्धा नाही. भर गल्लीत उभं राहून, लाज न बाळगता, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नावानं ओरडायचं. सुईण रोज सकाळी पहिल्यांदा आमच्याकडंच येणार आहे, आणि तिच्या कपाळाला हात लावायला मी जाणार आहे. हे मी माझ्या मुलीसाठी केलं आहे, शहरासाठी नव्हे. कमिटीला ते कळायची गरज नाही.

हे पत्र मी आता चुलीत घालीन, संध्याकाळचं जळण तसंही ओलं आहे. मुलगी माझ्याशी बोलत नाहीये. जेवायला ये म्हटलं तर भिंतीकडं तोंड करून बसली आहे. बापानं जवळ घेतलं तर त्याचाही हात झटकला. जाऊन तिची समजूत काढायला हवी, पण मी मुद्दामच गेलेले नाही. एक खरं सांगते, आई, तिचा हा राग मला आवडला आहे. माझा तुझ्यावरचा राग तू गेल्यावर सुरू झाला. हिनं निदान मी घरात असतानाच तो सुरू केला आहे.